पिवळं, पातळ

७ जाने., मंगळ.

परत तेच. स्टोअररूमचं दार उघडलं तर वास आधी बाहेर आला, पिल्लं नंतर. तिघांनी केलेलं. पेपरवर, पेपराबाहेर, भिंतीला, एकानं तर पाण्याच्या वाटीत. पिवळं, पातळ, मधे शेंबडासारखे धागे. त्यातूनच सगळे चालत आलेले, म्हणजे फरशीभर इवले इवले पिवळे पंजे. नाकाला रुमाल बांधून पुसायला बसलो. दोनदा उमासा आला, मग खरंच ओकलो. मग तेही पुसलं.

सुजाता दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेली. "कोपऱ्यात राहिलं बघा. त्या डब्याच्या मागं."

तिला आत यायला बंदी. दवाखान्याच्या मॅडमनी बजावलंय, दिवस गेलेल्या बाईनं मांजराच्या घाणीला हात लावायचा नाही, त्यातून एक जंतू जातो, तो पोटातल्या बाळाला वाईट. चौथा महिना संपत आलाय. म्हणून मी. ज्याला दुसऱ्याचं उष्टं ताट बघवत नाही तो मी.

डब्यात पिठलं होतं. शाळेत डबा उघडला आणि लावून टाकला.

८ जाने., बुध.

कॉलनीच्या कोपऱ्यावर तो डाग अजून आहे. पिल्लांची आई तिथंच उसाच्या ट्रॉलीखाली गेली. कारखाने चालू असले की दिवसभर या रस्त्यानं ट्रॅक्टर, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या, वर टेपवर गाणी. नालीच्या पाइपात पिल्लं ओरडत होती. सु.ला झोपून राहायला सांगितलेलं असताना ती उठून गेली आणि ओढणीत गुंडाळून तीन आणली. एक काळी, एक भुऱ्या, एक चट्टेरी. मी शाळेतून आलो तर स्वयंपाकघरात खोकं, खोक्यात ही.

"महिनाभर फक्त," म्हणाली. तिची होस्टेलची मैत्रीण प्रणाली संभाजीनगरला असते, अशा बेवारस जनावरांना घरं शोधून देते. तिनं फोनवर सांगितलं, तुम्ही सांभाळा, धडधाकट झाली की पुढचं मी बघते. या 'धडधाकट'मधेच सगळी मेख. हगरं मांजर कोण नेणार?

आणि मी हो म्हणालो. कारण मागच्या वेळी पाचव्या महिन्यात सगळं संपलं तेव्हापासून सु. भिंतीकडं तोंड करून पडायची. यावेळीही विश्रांती सांगितलीय, म्हणजे परत तीच भिंत. त्या दिवशी घरात पाऊल टाकलं तर आतून हसण्याचा आवाज. मला वाटलं कुणी पाहुणी आली.

सुरुवातीला गायीचं दूध पाजलं. तो आमचा अडाणीपणा. प्रणाली फोनवर अशी ओरडली की मला पलंगापर्यंत ऐकू आलं. दूध बंद केलं. आता उकडलेलं चिकन कुस्करून, तांदळाची पेज. फरक शून्य.

१० जाने., शुक्र.

अर्धी रजा टाकून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात. पुढं एक म्हैस, पाच-सहा शेळ्या, पाय मोडलेला एक बोकड. माझ्या हातात मिठाईचं खोकं, त्याला भोकं पाडलेली. सगळे बघायला लागले. बोकडवाला म्हणाला, "पेढे आनले का काय सर? डॉक्टरला?" तेवढ्यात खोक्याच्या तळातून ओल पाझरली आणि माझ्या पँटवर. तो बोकड घेऊन लांब सरकला.

शेळके डॉक्टर माणूस बरा. टेबलावर पिल्लं बघून आधी हसले. "सर, आमच्याकडं मांजर कुणी आणत नाही. मेलं तर दुसरं येतं. वजन काटा पण म्हशीचाच हाय." मग भुऱ्याला उलटं करून शेपटी वर केली आणि नाक लावून हुंगलं. नाक लावून! मी खिडकीकडं बघितलं.

"जंत असतील," म्हणाले. जंताचं औषध, थेंबात. आणि पाणी कमी पडू देऊ नका, जुलाबानं नाही मरत, पाणी संपून मरतात.

घरी येऊन पँट दोनदा धुतली. तरी इस्त्री करताना वाफेबरोबर परत तो वास.

११ जाने., शनि.

जंत पडले. लिहायचं नाही असं ठरवलं होतं पण लिहितो. शेवया. तशाच, पांढऱ्या, आणि काही हलत असलेल्या. चट्टेरीचा तर एक अर्धा बाहेर, अर्धा आत, आणि ती गोल गोल फिरतेय. कागदात धरून मलाच ओढावं लागलं.

सु. दारातून, "निघालं का? सगळं निघालं का?" आनंदात. मी बाथरूममधे.

आईनं दिवाळीत दिलेली शेवयांची पिशवी कपाटात वरच्या फळीवर मागं टाकली. पण एक बरं, कारण सापडलं. आता थांबेल.

१३ जाने., सोम.

नाही थांबलं.

उलट आता रक्ताची रेघ. काळी सगळ्यात लहान, तिचं मागचं सगळं चिकटून कडक झालेलं. कोमट पाण्यात कापूस बुडवून भिजवून भिजवून काढलं. ती ओरडत होती, मी पण ओरडत होतो. कातडी लाल. खोबरेल लावलं.

आज आठवीला पचनसंस्था. फळ्यावर आतडं काढताना हात आपोआप सावकाश चालला. मधल्या सुट्टीत गायकवाड सर शेजारी बसले, उठले, खिडकी उघडून परत बसले. मी हात हुंगला. आता मला समजेनासं झालंय, वास हाताला आहे का डोक्यात.

सु.नं नावं ठेवलीत. मी काळी, भुऱ्या, चट्टेरी एवढंच म्हणतो. नाव ठेवलं की अडकलो.

१४ जाने., मंगळ. संक्रांत

आई आली धारूरकडून, न सांगता. बरोबर बाजरी, तिळाचे लाडू, लेकीसाठी आणावी तशी सु.साठी मऊ गोधडी. सु.च्या तोंडावरून हात फिरवला, पाय चेपले. मग नाक वर केलं.

"कशाचा वास येतोय गं?"

स्टोअर उघडून बघितलं. पदर नाकाला. माझ्याकडं असं बघितलं की मी परत आठवीतला झालो.

"पोटात लेकरू हाय, अन् घरात ही घाण! तू मास्तर हायस का कोन हायस?"

"आई, सुजाता हात लावत नाही. मी करतो सगळं."

"तू?" आणि हसली. खरंच हसली. "लहानपनी शेंबूड पुसायला मी लागायची तुला. कावून करतोस हे?"

सु. पलीकडच्या खोलीतून ऐकत होती.

संध्याकाळी शेजारच्या दोघी तिळगूळ घेऊन आल्या. चट्टेरी कधी बाहेर सुटली कळलं नाही. दिवाणावर चादरीत केलं आणि जाधववहिनी त्यावरच बसल्या. नवी साडी. लिहवत नाही. त्या "असू द्या, असू द्या" म्हणत उठल्या आणि साडी चिमटीत धरून गेल्या. लाडू तसेच राहिले. आईनं चादर ओढून बादलीत टाकली.

१६ जाने., गुरु.

जावेदकडं गेलो. दहावीपर्यंत एका बाकावर होतो, आता त्याची रक्त-लघवी तपासायची लॅब आहे मोंढ्याच्या रस्त्याला. प्लॅस्टिकची डबी टेबलावर ठेवली.

"किसका हाय? भाभीचं?"

"मांजराचं."

जावेदनं डबी बोटानं माझ्याकडं परत सरकवली. "राहुल्या, इथं लोक नाश्ता करून येतेत बे."

पण घेतली. मागच्या खोलीत गेला. काचेवर थेंब, मायक्रोस्कोपला डोळा. मी स्टुलावर. स्क्रू फिरवत राहिला. मग, "ये. देख."

बघितलं. पिवळट पाण्यात गोल गोल, अंड्यासारखं, कडेला दुहेरी रेघ, आत एक गोळा. एक नाही, सगळीकडं. देखणं होतं, हे लिहायला लाज वाटते. चोवीस तास ज्याची किळस येते ते आतून असं नक्षीसारखं.

"जंताची अंडी?"

"जंताची वेगळी असतेत. हे काही दुसरं हाय. माणसात मी असलं पाहिलं न्हाई. फोटो काढ, तुझ्या डॉक्टरला पाठव."

मी जे विचारायचं ते विचारलं. तोच जंतू आहे का, सुजाताला मॅडमनी सांगितलेला.

जावेद हात पुसत राहिला. "मला न्हाई सांगता येत. खरंच न्हाई येत. भाभीचं रक्त तपासून घे तू आधी."

पैसे घेतले नाहीत. निघताना डबी हातात दिली, "ही घेऊन जा मात्र."

१७ जाने., शुक्र.

मॅडमकडं. सु.चं रक्त घेतलं, ही तपासणी इथं होत नाही, बाहेर पाठवणार, थांबावं लागेल. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मांजरं ठेवा की नका ठेवू, तो तुमचा प्रश्न. पण घाण हिनं उचलायची नाही, आणि रोजच्या रोज उचला. शिळी झाली की धोका वाढतो. हातमोजे घाला."

हातमोजे! इतके दिवस मी उघड्या हातानं.

रिक्षात सु. शेजारी, मांडीवर फाइल. कॉलनी आली तेव्हा म्हणाली, "यावेळी काही झालं तर सगळे माझ्यावरच घालतील. मांजरांवर नाही. माझ्यावर."

"कोण सगळे?"

ती समोर बघत होती. आई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली.

१८ जाने., शनि.

फोटो बघून शेळके डॉक्टरांचा स्वतःहून फोन. "अहो सर, हे तर कोंबड्यांच्या पिल्लांना होतं त्या जातीचं! मांजराचं वेगळं असतं, पण घराणं एकच. जंताच्या औषधानं हे मरत नाही."

"आणि बायकोचं ते?"

"हे ते नाही. ते फार बारीक असतं, हे मोठं हाय. हे माणसाला लागत नाही." मी श्वास सोडला. "पण सर, हे हाय म्हणून ते नसेलच, असं मी म्हणणार नाही. रिपोर्ट येऊ द्या."

औषध पोल्ट्रीवाल्याच्या दुकानात मिळतं. गेवराई रोडला. दुकानदारानं विचारलं, "किती पक्षी?" तीन म्हटलं तर त्यानं चष्मा वर केला. त्याच्याकडं सगळं हजार पक्ष्यांच्या हिशेबानं. डॉक्टरांनी फोनवर त्याला समजावलं, त्यानं मला समजावलं, मी सु.ला. शेवटी सुई नसलेल्या सिरिंजनं एकेक थेंब.

आणि पातेलंभर पाणी उकळून फरशीवर ओतायचं, रोज. फिनेलला हे जंतू जुमानत नाहीत, उकळत्या पाण्याला मरतात. उकळतं पाणी त्या घाणीवर पडल्यावर जी वाफ येते... बस.

२० जाने., सोम.

काळी उभी राहीना. डोळे आत. मानेची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. मीठ-साखरेचं पाणी थेंब थेंब दिलं, ओठाच्या कडेनं बाहेर. तिला कोरड्या टॉवेलमधे गुंडाळलं, टॉवेलखाली गरम पाण्याची बाटली. शाळेला गेलो नाही, पोट बिघडलंय म्हणून कळवलं. कुणाचं ते नाही सांगितलं.

शेवटीही तेच. गेली तेव्हा मांडीवर होती आणि माझ्या पायजम्यावर थोडं. पिवळं. मला उमासा आला नाही. हे नोंदवून ठेवतो.

परसात पेरूखाली पुरली. सु. खिडकीत. मी आत आलो तेव्हा आई म्हणाली, "सुटली बिचारी. बरं झालं," आणि सु.नं हातातला पेला एवढ्या सावकाश खाली ठेवला की मला भीती वाटली.

तिनं ठेवलेलं नाव आज मला पहिल्यांदा समजलं. राणी.

२२ जाने., बुध.

घरी आलो तर फिनेलचा वास. नुसता फिनेलचा. स्टोअर लख्ख. पेपर नाही, वाट्या नाहीत, खोकं नाही. फरशीवर पाण्याचे पट्टे वाळत होते.

एक सेकंद, खोटं कशाला लिहू, इतकं बरं वाटलं. छाती भरून श्वास घेतला.

"भाजीच्या टमटमवाल्याला दिली," आई म्हणाली. "मोंढ्यात सोडतो म्हनला. थितं उंदरं लई हायत. उपाशी न्हाई मरायची."

सु. भिंतीकडं तोंड करून पडलेली. तेच. तसंच.

ओरडलो मी. आईवर कधी ओरडलो नव्हतो. ती म्हणाली, "तू वाचलास न्हवं कागदात, तो जंतू का काय? मला वाचता येत न्हाई तेवढं. पन एक लेकरू गेलेलं मी बघितलंय तिचं. हिच्या अंगावरचं पांघरून मी धुतलंय. दुसऱ्यांदा मला न्हाई धुवायचं."

गाडी काढून मोंढ्यात. सोयाबीन आणि तुरीची आवक, पोत्यांच्या थप्प्या, हमाल, धूळ. हमालांना विचारत फिरलो, "मांजराची दोन पिल्लं बघितली का?" एकजण म्हणाला, "आमी पोरगं हरवलं तरी येवढं फिरत न्हाई सर."

टमटमवाला चहाच्या टपरीवर सापडला. त्यानं दाखवलं कुठं सोडली. भुऱ्या तिथंच, पोत्यांच्या फटीत, स्वतःच्याच घाणीत बसलेला. उचलला तसा माझ्या शर्टावर. चट्टेरी नव्हती. अंधार पडायला लागला, गोदामाची शटरं ओढायला लागले. मी वेड्यासारखा 'चट्टू चट्टू' म्हणत होतो, हा आवाज मी घरात कधी काढला नाही.

वासानं सापडली. खरं सांगतो. आडत्याच्या दुकानामागं रिकाम्या पोत्यांच्या बारदान्याचा ढीग, तिथून तो ओळखीचा वास आला. किळसवाणा, आंबूस, कुजकट, दुसऱ्या कुणाच्या मांजराचा नाही, आमच्याच. बारदाना उचलला, खाली ती.

दोघांना शर्टात घालून गाडीवर आलो. पोटापाशी गरम, ओलं. रस्ताभर नाक बाजूला वळवून गाडी चालवली.

२३ जाने., गुरु.

आई जायला निघाली. स्टँडवर सोडायला गेलो. बस लागलेली, ती चढेना.

"मी काय कुनाची घान काढली न्हाई का?" एकदम म्हणाली. "तुजी काढली. तुज्या बापाची शेवटचं वरीसभर काढली. पन ती आपल्या मानसाची व्हती. मांजराची कावून काढायची, हे मला सांग."

म्हणालो, "सुजाता हसते."

तिनं पिशवी बसच्या पायरीवर ठेवली. "तिला सांग, मी वाईटावर न्हाई." मग चढली. खिडकीतून, "हात धुत जा. कोपरापोतर."

घरी आलो तर सु. स्टोअरच्या दारात खुर्चीवर, बाहेरूनच आतलं बघत बसलेली. निरोप सांगितला. म्हणाली, "माहितीय मला." आणि थोड्या वेळानं, "त्या गोधडीवर झोपते मी रोज. दिसत नाही का तुम्हाला?"

२६ जाने., रवि.

झेंडावंदन, कवायत, पोरांना जिलेबी. जिलेबीचा रंग बघून मी माझी गायकवाड सरांना दिली.

काल संध्याकाळी रिपोर्ट आला, तोवर मॅडम निघून गेलेल्या. रात्र तशीच काढली, आज मॅडमनी घरूनच फोनवर वाचून सांगितला. तो जंतू सु.च्या अंगात नाही. कधी आलेलाही नाही.

"म्हणजे चांगलं ना मॅडम?"

"चांगलंच. पण कधी आलेला नाही म्हणजे शरीराला त्याची ओळख नाही. आता आला तर धोका आहे. म्हणून बाळंतपणापर्यंत जपायचं."

फोन ठेवला. सु. रडायला लागली, मग हसायला, मग म्हणाली, "म्हणजे तुमची ड्यूटी जूनपर्यंत." तिला हे फारच विनोदी वाटलं.

मी हातमोजे घातले. आत गेलो. चट्टेरीनं औषधाची सिरिंज पाडून त्यावर केलेलं.

२९ जाने., बुध.

आज सकाळी भुऱ्याचं घट्ट.

परत वाचलं, हो, असंच लिहायचं होतं. घट्ट. तपकिरी. बोटाएवढं. कडेनं बघितलं, वरून बघितलं. सु.ला हाक मारली, ती पलंगावरून पळत आली, मी ओरडलो पळू नको. दारातून मान लांब करून बघितलं तिनं आणि टाळ्या वाजवल्या. फोटो काढून जावेदला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "भाई, मी जेवतोय." मग लगेच दुसरं, "मुबारक."

कुठून कुठं आलो मी. हगण्याचे फोटो पाठवणारा माणूस झालो. स्वतःचीच शिसारी येते.

चट्टेरीचं अजून मऊ, पण पाणी नाही. रक्त नाही.

२ फेब्रु., रवि.

काल प्रणालीनं धाडलेले लोक बीडहून आले. नवरा-बायको, कार, एक मुलगी, तिच्या केसांना फुलपाखरं. भुऱ्या पसंत. चट्टेरी बघून बाई म्हणाल्या, "ही जरा घाणेरडी दिसते ना?" मला राग आला. महिनाभर मी तिला याहून वाईट बोललो असेन, तरी.

सगळं समजावलं. औषध, उकळतं पाणी, दूध नाही, नवीन जागी दोन-चार दिवस पोट बिघडू शकतं. हो हो म्हणाले. मोबाइलमधे बघत हो हो म्हणाले.

सु. निरोप द्यायला बाहेर आली नाही. चट्टेरी रात्रभर ओरडली. सकाळी बघितलं तर परत पातळ.

३ फेब्रु., सोम.

शाळेतून आलो तर गेटपाशी ती कार. काच अर्धी खाली. माणसानं बुटाचं खोकं बाहेर धरलं, उतरलाही नाही.

"सर, काही होणार नाही आमच्याच्यानं. नव्या सोफ्यावर केलं. बायकोला उलट्या सुरू झाल्या."

"सांगितलं होतं ना तुम्हाला."

"सांगितलं होतं हो. पण इतका वास असेल असं नव्हतं सांगितलं."

खोकं उघडलं. भुऱ्या स्वतःच्या केलेल्यात बसलेला, प्रवासभर. शेपूट चिकटलेली. त्यांनी दोन दिवसात एकदाही पुसलेलं नव्हतं, ते सुकलेल्या थरांवरून समजत होतं. एकावर एक, वेगवेगळ्या रंगाचे. मला आता ते वाचता येतं. पहिला थर, यांनी दूध पाजलं. दुसरा, मग औषध बंद.

नालीच्या कडेला खाली बसून तिथंच धुतला त्याला, बाटलीतल्या पाण्यानं. उमासा येत होता, पण भुऱ्याचा नव्हता. मोठी कार, मुलीच्या केसात फुलपाखरं, आणि दोन दिवस एका जिवाला घाणीत ठेवून काच खाली करून देऊन जायचं.

चट्टेरीनं त्याला आधी फिस्कारलं, मग चाटायला लागली. नेमकं तिथंच. मी तोंड फिरवलं.

७ फेब्रु., शुक्र.

औषधाची दुसरी पाळी. दिवस वाईट गेले. लिहिण्यासारखं काही नाही, सगळं तेच. रंग, वास, पातेलं. शाळेत विद्यार्थ्यांची तोंडी. एकाला विचारलं, लहान आतड्याचं काम काय? तो म्हणाला, "सर, चांगलं असंल तर शोषून घ्यायचं." पूर्ण गुण दिले.

संध्याकाळी आईचा फोन. बाळाचं, सु.चं, चुलतभावाच्या हरभऱ्याचं सगळं विचारून झालं. ठेवता ठेवता, "अन् त्यांचं पोट?"

"एकाचं बरंय. एकीचं अजून."

"तांदळाच्या पेजंत सुंठ घालू नकोस. मानसाचं येगळं असतं." आणि ठेवला. आता हिला काय माहीत मांजराचं. पण मी खरंच सुंठ घालायच्या बेतात होतो.

११ फेब्रु., मंगळ.

सकाळी दार उघडलं. थांबलो. वास नाही. म्हणजे आहे, मांजराचा असतो तेवढा. पेपराऐवजी आता ठेवतो त्या राखेच्या घमेल्यात दोन ढीग, दोन्ही घट्ट, दोन्ही व्यवस्थित पुरलेले. चट्टेरीनं स्वतः राख ओढून झाकलेलं. तिला हे कुणी शिकवलं? हिची आई तर ट्रॉलीखाली गेली तेव्हा ही मुठीएवढी होती.

चिमट्यानं उचललं. किळस आलीच. ती काही गेली नाही आणि जाईल असं वाटत नाही.

दुपारी प्रणालीचा मेसेज. संभाजीनगरला एक म्हातारं जोडपं आहे, घरात आधीही मांजर होतं, जनावराची सवय आहे, दोघं एकत्र न्यायला तयार. येत्या रविवारी गाडी पाठवतात. फक्त एकच विचारलंय, 'पोटं पूर्ण बरी आहेत का? खरं सांगा. मागच्यासारखं नको.'

सु.ला वाचून दाखवलं. ती पलंगावर, चट्टेरी तिच्या पायांवर, गोधडीत शेपूट. भुऱ्या खिडकीत. पोटावर हात ठेवून ती छताकडं बघत होती.

"चांगली माणसं वाटतात," म्हणाली.

"हो."

"मग सांगा काय ते. तुम्हीच बघता रोज. मला कुठं आत येऊ देता?"

फोन घेऊन स्टोअरमधे गेलो, दार लावलं. घमेलं रिकामं, राख नवी. मी लिहिलं, 'हो, आता बरी आहेत.' खोडलं. लिहिलं, 'अजून पातळच आहे एकीचं. एवढ्यात गाडी पाठवू नका.' पाठवून दिलं.

दोन निळ्या खुणा झाल्या. प्रणाली काहीतरी लिहितेय असं दिसलं, मग थांबली, मग परत लिहितेय.

बाहेरून सु.नं विचारलं, "काय कळवलं?"

हात धुतोय म्हणालो. आणि नळ सोडला.